वर केलेला हात

गारांनी मका झोपवला तेव्हा कणसं भरून झाली होती, नुसती वाळायची राहिली होती. व्हर्नन कुचेराच्या घरामागचं सगळं रान एका दुपारी आडवं झालं. उभं पीक हार्वेस्टर खात जातो, तसं आडवं खात नाही. यंत्राचं तोंड जमिनीला घासत न्यावं लागतं. माती येते, दगड येतात, ओल्या धांड्यांचा गुंता होऊन तोंड बसतं. मग इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं, गुडघ्यावर बसून तो गुंता हातानं ओढून काढायचा, आणि पुन्हा वर चढायचं. व्हर्ननचा उजवा खांदा जुन्या दुखण्यानं आधीच निकामी होता. ऑक्टोबरच्या मध्याला तो सकाळी शर्टात हात घालताना बायकोला हाक मारायला लागला.

बायको कॉर्लिस ट्रक चालवायची. भरला की गावातल्या कोठारावर नेऊन ओतायचा आणि परत यायचं. मुलगी जॅनेल शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवसभर शाळा, मग व्हॉलीबॉलचा सराव, आणि तिथून तशीच खेळाच्या बुटांवर येऊन ट्रॅक्टरवर बसायची. हार्वेस्टरच्या बाजूनं ट्रॉली चालवत न्यायची, चालत्यात धान्य झेलायचं. हात तिचा सरळ होता. व्हर्ननला ओरडावं लागत नसे.

लिंडेन बेंड हे गाव म्हणजे धान्याचं कोठार, दोन चर्च, एक शाळा, आणि नदीपलीकडे गुरांचा मोठा तळ. मका खाऊन बैल तिथं जड होतात आणि मग ट्रकनं जातात. शाळा लहान. व्हॉलीबॉलच्या संघात राखीव मुली म्हणून बसवायला आठवी पास झालेल्या पोरी घ्याव्या लागायच्या. पण त्या वर्षी संघ जमला होता. तळावर घोड्यावरून गुरं बघणाऱ्या आन्सेल्मो बारहासची पोर, येसेनिया, जाळ्याजवळ चेंडू असा चढवून द्यायची की जॅनेलनं फक्त उडी मारायची. गावात लोक त्या दोघींची नावं एकत्रच घ्यायचे. जिल्ह्याची फेरी जिंकली तर राज्याच्या स्पर्धेला जायचं होतं. या शाळेतून कुणी गेलेलं कुणाला आठवत नव्हतं.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व्हर्ननच्या हार्वेस्टरनं दगड गिळला आणि आतलं गिअर फुटलं. नवा भाग यायला वेळ लागणार होता, आणि आकाश परत भरून येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यानं हिरवा हार्वेस्टर आला. चालवत होता मिलो होलुब, शेजारच्या रानाचा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

व्हर्नन फाटकापाशी गेला. दोन वर्षांत त्या दोघांत हवापाण्यापलीकडे बोलणं नव्हतं.

"माझं संपलंय," मिलो वरूनच म्हणाला. "पाऊस यायच्या आत तुझं बघू."

"मिलो, मी काय म्हणतो..."

"काही म्हणू नको. कुठनं सुरू करू ते सांग."

बोलणं नसायला कारण होतं. व्हर्नन शाळा समितीवर होता. दोन वर्षांपूर्वी मिलोचा पोरगा कर्टिस नदीकाठच्या शेकोटीला गेला, तिथं दुसऱ्या पोरांनी बिअर आणली होती. कर्टिसनं घेतली नव्हती, हे सगळ्यांना मान्य होतं. पण जिथं अशी पिणारी पोरं असतील तिथं थांबायचंसुद्धा नाही, असा नियम तेव्हा नुकताच झाला होता, आणि तो व्हर्ननच्या हट्टानं झाला होता. मिलो समितीपुढं टोपी हातात घेऊन उभा राहिला. पोराचं कुस्तीचं शेवटचं वर्ष आहे म्हणाला. व्हर्नन म्हणाला, "आज एकाला सोडलं तर उद्या कुणाला कोणत्या तोंडानं अडवायचं? नियम म्हणजे नियम." कर्टिसचं ते वर्ष गेलं. आता तो वायोमिंगला तेलाच्या विहिरींवर असतो, आणि घरी क्वचित फोन करतो.

तोच मिलो आता त्याच्या रानात गुडघ्यावर बसून गुंते काढत होता.

चार दिवस सगळे राबले. शनिवार आला तेव्हा शेवटचा तुकडा राहिला. त्या दिवशी शाळा नव्हती, म्हणून जॅनेल पहाटेपासून ट्रॅक्टरवर होती. धुळीनं तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. दुपारी एकदा मिलोचं यंत्र बसलं तेव्हा तिनं खाली उडी मारून दोन्ही हातांनी धांडे ओढले, आणि तिच्या तळव्याला धांड्याची धार लागून रक्त आलं. तिनं ते पँटला पुसलं आणि परत वर चढली.

शेवटची ओळ संपली तेव्हा ऊन अजून होतं. कॉर्लिसनं भाकरीसारखे जाड ब्रेडचे तुकडे, डुकराचं थंड मांस आणि खसखस भरलेले कोलाचे नावाचे गोड पाव आणले होते. व्हर्ननच्या ट्रकमागं बर्फाची पेटी होती. त्यानं मिलोला बिअर दिली, स्वतः घेतली. जॅनेल ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसली होती. हात मांडीवर पडलेले, जसे दुसऱ्या कुणाचे असावेत.

व्हर्ननचं मन भरून आलं होतं. त्यानं पेटीतून आणखी एक काढली, झाकण उडवलं आणि तिच्यापुढं धरली.

"बाबा," जॅनेल म्हणाली. "मला चालत नाही. हंगाम आहे."

"आपल्या रानात आहेस. बापानं दिली आहे. आज चार माणसांचं काम केलंस तू."

जॅनेलनं कॉर्लिसकडं बघितलं. कॉर्लिस ब्रेड कापत राहिली. जॅनेलनं बाटली घेतली आणि अर्धी प्यायली.

मिलोनं ते पाहिलं. त्यानं स्वतःची बाटली अर्धीच ठेवून पेटीच्या कडेला उभी केली. "चलतो," म्हणाला. "गुरांना पाणी दाखवायचंय."

*

पुढच्या गुरुवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. समितीची तातडीची बैठक होती. एका विद्यार्थिनीचं अपील होतं.

"कुणाचं?" व्हर्नननं विचारलं.

"बारहास. येसेनिया."

फोन ठेवल्यावर व्हर्ननला आधी काय वाटलं, तर सुटल्यासारखं वाटलं. मग त्याला स्वतःची लाज वाटली, पण सुटल्यासारखं आधी वाटलं होतं.

येसेनियाच्या धाकट्या बहिणीला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. त्यांच्यात त्या दिवशी मोठा सोहळा करतात, चर्चला जातात, जेवण देतात. ते त्यांनी रानातल्या त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी केलं. जेवणाआधी बापानं घरातल्या सगळ्यांच्या हातात दारूचा एकेक लहान ग्लास दिला. कुण्या भाच्यानं फोटो काढून फोनवर टाकला. फोटो फिरत फिरत शाळेत आला. प्रशिक्षक लुंडबाई रडल्या म्हणे, पण त्यांना तो मुख्याध्यापकांना दाखवावाच लागला. तीन आठवडे खेळ बंद. म्हणजे हंगाम संपला.

बैठक शाळेच्या वाचनालयात होती. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या बाजूला सारल्या होत्या. समितीचे पाच जण टेबलामागं, समोर आन्सेल्मो आणि येसेनिया. आन्सेल्मो कामावरून थेट आला होता. बूट बाहेर घासून घासून पुसलेले दिसत होते, तरी खोलीत तळाचा वास आला. अध्यक्षीणबाईंनी खिडकी उघडली. आन्सेल्मोनं ते पाहिलं आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा," मुख्याध्यापक म्हणाले.

"साहेब, फोटो खरा आहे," आन्सेल्मो म्हणाला. "पोरगी नको म्हणत होती. मी म्हटलं, बहिणीचा दिवस आहे, ओठाला लाव. माझ्या हातानं दिला. शिक्षा मला करा. मैदान झाडायला सांगा, काय सांगाल ते करतो."

"तसं नियमात नाही, मिस्टर बारहास."

"नसेल. पण बाप आहे मी. घरात, आपल्या माणसांत, बापानं पोरीच्या हातात काही दिलं तर..." तो थांबला. त्यानं व्हर्ननकडं पाहिलं. व्हर्नन तळाला मका विकायचा, तोंडओळख होती. आन्सेल्मोनं लगेच नजर खाली घेतली. "तर पोरीनं काय करायचं?"

येसेनिया ताठ बसली होती. ती व्हर्ननकडं बघतच नव्हती.

त्या दोघांना बाहेर बसवलं. बोलणं झालं. एक जण म्हणाला, पार्टी वेगळी आणि घरचं जेवण वेगळं. दुसरा म्हणाला, कागदावर घर-बाहेर असा फरक नाही. कुणीतरी म्हणालं, "होलुबच्या पोराच्या वेळी आपण ऐकलं नव्हतं." तेव्हा सगळ्यांनी व्हर्ननकडं पाहिलं.

"शिक्षा कायम ठेवावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

दोन हात वर गेले. दोन टेबलावरच राहिले. उरला व्हर्नन.

हात खाली ठेवला तर विचारतील, कुचेरा, तू कधीपासून मऊ झालास? मग काय सांगायचं? सांगायला लागलो तर कुठं थांबायचं? त्याच्या डोळ्यापुढं जॅनेल आली, उडी मारलेली, हवेत.

त्यानं हात वर केला. दुखरा हात खांद्याच्या वर जाईना. त्यानं तो दुसऱ्या हातानं कोपराला धरून उचलला.

*

घरी जॅनेल स्वयंपाकघरात उभी होती. कॉर्लिस टेबलाशी बसली होती. जेवण झाकून ठेवलं होतं.

"काय झालं?" जॅनेलनं विचारलं.

"नियमाप्रमाणं झालं."

"तुम्ही कुठल्या बाजूनं होता?"

व्हर्नननं टोपी काढून खुंटीला लावली. "समितीतलं घरी सांगायचं नसतं."

"बाबा, तुम्ही हात वर केलात?"

तो हात धुवायला वळला. कॉर्लिस हळूच म्हणाली, "व्हर्नन. अरे व्हर्नन."

"मग मी काय करायला हवं होतं? दोघींनाही बाहेर बसवायचं? संघाचं काय झालं असतं? तुझं शेवटचं वर्ष आहे, जॅनेल!"

"कर्टिसचंपण होतं," जॅनेल म्हणाली. ती जिना चढून वर गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच लावलं.

सकाळी ती लवकर गेली. दुपारी मुख्याध्यापकांचा फोन आला, पण ती लवकर गेली तेव्हाच व्हर्ननला कळायचं ते कळलं होतं. शाळेत पाय ठेवल्याबरोबर जॅनेल लुंडबाईंकडं गेली होती आणि रानातली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून मोकळी झाली होती.

"पोरीनं हिंमत केली," मुख्याध्यापक म्हणाले. "कायद्यानं तर तुम्ही गुन्हा केलेला नाही, स्वतःचं रान, स्वतःची मुलगी. पण शाळेचा नियम लागतोच. मात्र एक आहे, कुणी विचारायच्या आत तिनं स्वतः सांगितलं. तशा मुलांना सूट आहे. तुम्हीच ते कलम घातलंत, आठवतंय ना? एक सामना बाहेर. जिल्ह्याच्या फेरीला ती खेळेल."

"आणि बारहासची?"

"तिचा फोटो आधी आला. तिला सांगायची संधी राहिली नाही."

"म्हणजे माझी खेळणार आणि तिची नाही? गोष्ट एकच असून?"

"कागदावर एक नाही, मिस्टर कुचेरा."

त्यानं अध्यक्षीणबाईंना गाठलं. परत बैठक घ्या म्हणाला. मी मत फिरवतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "हंगामाच्या मध्यात, तुमची मुलगी यात असताना, तुम्ही मत फिरवायचं? लोक काय म्हणतील? आणि एकाला सोडलं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते पुढं कसं होतं ते व्हर्ननला पाठ होतं.

त्यानं समिती सोडतो म्हणून सांगितलं. राहा असं त्याला कुणी म्हटलं नाही.

गावात गोष्ट संध्याकाळपर्यंत पसरली. कोठारावर व्हर्नन ट्रक घेऊन रांगेत उभा राहिला तेव्हा पुढचे दोघं बोलत होते ते गप्प झाले. वजन करणारा पोऱ्या नेहमी जॅनेलची चौकशी करायचा, त्यानं पावती दिली आणि खिडकी लावून घेतली.

मिलो होलुब त्याला रस्त्यात भेटला. दोघांचे ट्रक समोरासमोर थांबले, काचा खाली.

"तू कुणाला बोलला नाहीस," व्हर्नन म्हणाला.

"मी कशाला बोलू?"

"कर्टिसचं मनात असेल."

मिलोनं स्टिअरिंगवरची बोटं सोडली, परत धरली. "आहे की. पण तुझी पोर माझ्या यंत्राखाली हात घालून धांडे ओढत होती. तिचं नाव मी घेणार होतो व्हय?" मग म्हणाला, "हात वर केलास म्हणे."

"केला."

"हं," मिलो म्हणाला आणि ट्रक पुढं घेतला.

*

व्हर्नन तळावर गेला. वारा सुटला होता, शेणाची वाळलेली धूळ उडत होती. आन्सेल्मो घोड्यावरून एका लंगड्या बैलाला कळपातून वेगळा काढत होता. घोडा आडवा घालून, शीळ घालत, बिलकूल घाई न करता. बैल वेगळ्या खणात गेल्यावर त्यानं फाटक लावलं आणि कुंपणापाशी आला. खाली उतरला.

"बोला, कुचेरासाहेब."

"मी चूक केली, आन्सेल्मो. तुमच्या पोरीवर अन्याय केला. माझ्या घरात तेच घडलं होतं आणि मी तिथं बसून हात वर केला."

आन्सेल्मोनं हातमोजे काढले. त्याचा अंगठा दोरात सापडून वाकडा झालेला होता. तो बराच वेळ त्याच अंगठ्यानं घोड्याच्या गळ्यावरची धूळ पुसत राहिला.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "खेळ माझा नव्हता. तिला सांगा."

येसेनिया शाळा सुटल्यावर किराणा दुकानात काम करायची. सराव बंद झाल्यामुळं आता रोजच असायची. व्हर्नन आत गेला तेव्हा ती डब्यांच्या फळीपुढं उकिडवी बसून मागचे डबे पुढं काढत होती. दुकानात एक म्हातारी बटाटे निवडत होती. व्हर्नन ती जाईपर्यंत ब्रेडच्या फळीपाशी उभा राहिला.

"येसेनिया."

ती उठली. हात अ‍ॅप्रनला पुसले. "काय हवंय काका?"

"काही नको. मी माफी मागायला आलो." त्यानं टोपी काढली. "त्या दिवशी रानात मी जॅनेलला बिअर दिली होती. ते मला ठाऊक असून मी तुझ्या विरुद्ध..."

"मला माहीत आहे, काका."

"आता सगळ्यांनाच कळलंय."

"आता नाही. तेव्हाच." येसेनियाचा आवाज खाली आला. "सोमवारी सरावाला जॅनेलच्या हाताला पट्टी होती. मी विचारलं तर तिनं सगळं सांगितलं. हसत सांगितलं, बाबा इतके खूश होते म्हणून. तेव्हा माझा फोटो आला नव्हता."

व्हर्नननं फळीचा कोपरा धरला. "म्हणजे बैठकीच्या वेळी तुला..."

"हो."

"आणि तुझ्या वडिलांना?"

"त्यांना मी आदल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, मी तिथं बोलणार. मी त्यांच्याकडून शपथ घेतली. बोलायचं नाही म्हणून."

"का पण? एक शब्द बोलला असतात तर मला हात वर करता आला नसता. तुझं वर्ष वाचलं असतं."

"वाचलं नसतं काका. दोघी बसलो असतो." तिला ते इतकं साधं वाटत होतं की समजावून सांगताना ती अडखळली. "एकीनं तरी खेळायला हवं ना. आणि ती माझी मैत्रीण आहे."

दारावरची घंटी वाजली, कुणी गिऱ्हाईक आलं. येसेनिया गल्ल्याकडं निघाली, आणि जाता जाता थांबून म्हणाली, "माझ्या बाबांना वाटत होतं की तुम्ही हात वर करणार नाही. त्यांनी आईला तसं सांगितलं होतं."

*

जिल्ह्याच्या फेरीला व्हर्नन जाणार नव्हता. कॉर्लिसनं त्याचा कोट आणून त्याच्या मांडीवर टाकला. "पोरीला तोंड दाखवायला लागेल. ते माझ्यानं होणार नाही तुझ्याऐवजी."

शेजारगावच्या शाळेचा मोठा हॉल माणसांनी भरला होता. पॉपकॉर्नचा आणि ओल्या कोटांचा वास येत होता. लिंडेन बेंडची माणसं एका बाजूला बसली होती. व्हर्नन आणि कॉर्लिस पायऱ्या चढत गेले तशी कुणी सरकून जागा केली नाही, कुणी अडवलंही नाही. ते वर जाऊन बसले. त्यांच्या खालच्याच ओळीत आन्सेल्मो होता, बायको आणि धाकट्या पोरीसह. त्यानं मागं वळून मान हलवली.

संघाच्या बाकावर येसेनिया साध्या कपड्यात बसली होती. शिक्षा झालेल्यांनी येऊन तिथंच बसायचं, असा नियम होता. तोही व्हर्ननला माहीत होता. तिच्या जागी नववीतली एक बारकी पोर चेंडू चढवून द्यायची. कधी चेंडू जाळ्याच्या फार जवळ जाई, कधी मागं राही. जॅनेल हवेत वाकडी होऊन, पडता पडता मारायची. प्रत्येक थांब्याला येसेनिया त्या बारकीला बाजूला घ्यायची, तिचे कोपर धरून वर कसे न्यायचे ते दाखवायची, आणि पाठीवर थाप मारून परत पाठवायची.

शेवटच्या डावात दोन्हीकडचे गुण चिकटून चालले होते. व्हर्नन गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत बसला होता. पायाखाली कुणाचा तरी सांडलेला पॉपकॉर्न होता. चेंडूचा आवाज त्याला नुसता ऐकू येत होता. हाताचा, जमिनीचा, पुन्हा हाताचा. मग त्या बारकीनं चेंडू चढवला. तो कसा चढला ते त्यानं पाहिलं नाही, पण हॉल एकदम गप्प झाला. मग चेंडू पलीकडं जमिनीवर आदळल्याचा आवाज आला.

सगळा हॉल उठला. पाय आपटायला लागले, फळ्या हादरल्या. कॉर्लिस तोंडावर हात धरून उभी होती. खाली पोरी एकमेकींवर पडल्या होत्या. त्यांच्या कडेला येसेनिया टाळ्या वाजवत होती, जोरजोरात, डोक्याच्या वर हात नेऊन, आणि तिचं तोंड रडण्यानं वेडंवाकडं झालं होतं. जॅनेल त्या ढिगातून बाहेर पडून तिच्याकडं धावली.

एकटा व्हर्नन बसला होता. त्याला उठता येईना.

खालच्या ओळीतून आन्सेल्मो वळला. तोही टाळ्या वाजवत होता. त्यानं व्हर्ननला बसलेलं पाहिलं, टाळ्या थांबवल्या, आणि वाकून त्याच्या न दुखणाऱ्या हाताला धरलं.

"उठा साहेब," तो म्हणाला. "तुमच्या पोरीनं मारला. तुम्ही नाही उठलात तर ती बघेल ना."

व्हर्नन त्याच्या हाताला धरून उभा राहिला.